सात सूत

पिंप कुठं ठेवायचं, हे सोलापुरात किचनच्या ट्रॉल्या बसून झाल्यावरच ठरतं. आधी कितीही विचारा, उत्तर एकच, "ते बघू की ओ नंतर." आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी भरून ठेवायचं, म्हणून घरोघरी एक मोठं पिंप असतंच. आणि ते फिरून फिरून शेवटी ओट्याच्या टोकाला येऊन बसतं. नेमकं त्याच बाजूला कपाटाचं दार उघडत असतं.

आम्ही किचन बसवून दिलेल्या जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटमध्ये हेच झालं. ओट्याखालचं शेवटचं कपाट, एका दाराचं. बिजागऱ्या उजवीकडं. दार उघडलं की पिंपावर आपटायचं आणि अर्ध्यावर अडायचं. आत ठेवलेला कुकर तिरका करून काढावा लागत होता. काकूंनी फोन केला, "दादा, हे दार हिकडनं उघडंल असं करता येत नाही का ओ? चार स्क्रूचं तर काम."

चार स्क्रूचं काम नव्हतं. डाव्या साईडला बिजागरीची प्लेट बसवायला होलच नव्हते. ओट्याखाली आडवं पडून, डोकं कपाटात घालून, गुण्या लावून माप घ्यायचं आणि हातानं ड्रिल मारायचं. मिस्त्रींचा हात पक्का, तरी एक होल मिलिमीटरभर घसरला आणि दार तिरकं बसलं. शटर, म्हणजे दाराची फळी, फिरवलं तर हँडल खाली गेलं, म्हणून शटर नवीन करून दिलं. सनमायक्याचा नंबर तोच, पण लॉट वेगळा. शेजारच्या दाराला लावून बघितलं की रंगातला फरक आजही कळतो. दोन खेपा, एक शटर आणि काकूंच्या चेहऱ्यावरची नापसंती, सगळं माझ्या खात्यावर.

परत येताना विजापूर रोडला सिग्नलला थांबलो होतो तेव्हा डोक्यात आलं, की बिजागरीचे होल पहिल्यापासूनच दोन्ही साईडला मारून ठेवले तर? नंतर दार काढायचं, फिरवायचं, दुसऱ्या बाजूला बसवायचं. कपाटं ज्यात काढतो त्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा बसवून टाकलं की प्रत्येक कपाटाला आपोआप होईल. एका संध्याकाळचं काम वाटलं. त्याला जवळजवळ दोन महिने लागले.

या धंद्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शटरच्या मागच्या अंगाला ३५ मिलिमीटर व्यासाचा गोल खड्डा असतो, त्यात बिजागरीचा कप बसतो. शटरच्या कडेपासून ५ मिमी सोडून हा खड्डा सुरू होतो, म्हणजे त्याचा मध्य कडेपासून साडेबावीसवर. बिजागरीचं दुसरं टोक कपाटाच्या साईडला आतून लावलेल्या प्लेटवर अडकतं. प्लेटचे दोन होल पुढच्या कडेपासून ३७ मिमीवर, एकाखाली एक, ३२ मिमीच्या अंतरानं. हे ३२ आणि ३७ युरोपातनं आले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडं कपाटं कारखान्यात बनायला लागली, तेव्हा एका रांगेत अनेक ड्रिल असलेल्या मशीनमध्ये दोन ड्रिलांचे गिअर ३२ मिमीपेक्षा जवळ आणता येत नव्हते, असं सांगतात. आमचे मिस्त्री तीस वर्षं सुतात मोजतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यांना हे समजावलं तर म्हणाले, "बत्तीस म्हणजे सव्वा इंच, सदतीस म्हणजे दीडला जरा कमी. सरळ सांगा की मालक."

माझं वर्कशॉप अक्कलकोट रोडला. पॅनल सॉ आहे, एज बँडिंगचं मशीन आहे, कप मारायचं एक साधं बोरिंग मशीन आहे. मोठी ऑर्डर असली की होल मारायला माल सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, जॉबवर्कला देतो. सॉफ्टवेअर बॉक्स, म्हणजे दाराशिवायचं कपाट, काढतं, कटिंग लिस्ट देतं आणि प्रत्येक तुकड्याची होलांसकट फाईल काढतं. ती फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन जायची. सॉफ्टवेअरचं नाव सांगत नाही, कारण पुढं येणाऱ्या चुकांतल्या निम्म्याहून जास्त माझ्याच आहेत.

पहिल्या दिवशी मी सगळ्यात सोपा रस्ता धरला. दाराच्या सेटिंगमध्ये बिजागरीची बाजू निवडायची यादी असते : डावी, उजवी, दोन्ही. मी "दोन्ही" निवडलं. साईडचे तुकडे उघडून बघितले तर दोन्हींवर सुंदर होल आलेले. फाईल पाठवली. दुसऱ्या दिवशी टेम्पोतनं माल उतरवताना आमचा पोरगा एक शटर उचलून उन्हात धरून उभा. "मालक, ह्या दाराला चार डोळं आलेत."

डाव्या कडेला दोन कप, उजव्या कडेला दोन कप. सॉफ्टवेअरनं माझं म्हणणं शब्दशः ऐकलं होतं. दोन्हीकडनं बिजागरी म्हणजे साईडलाही दोन्हीकडं आणि दारालाही दोन्हीकडं. तसं दार तांत्रिकदृष्ट्या फिरतं, खोटं नाही. पण उघडल्यावर ज्याच्या मागं दोन रिकामे खड्डे दिसतात असं दार मी कुणाच्या घरात लावू? ते शटर आता वर्कबेंचवर आडवं पडलेलं असतं. चारही डोळ्यांत स्क्रू भरून ठेवतो.

म्हणजे दाराला एकाच बाजूचे कप आणि साईडला मात्र दोन्ही बाजूंचे होल. हे यादीत नव्हतं. मग बिजागरीचा भाग तसाच ठेवून मी साईडच्या तुकड्यावर स्वतःच्या होलांचा एक गट बनवला. ५ मिमीचे होल, १३ खोल, उंची तळापासून, आणि वर एक अट : दारांची संख्या एक असेल तरच. दोन दारांच्या कपाटाला दार फिरवायचा प्रश्नच येत नाही. डाव्या साईडला गट तयार झाला, तो उजवीकडं कॉपी केला आणि होल जाऊन बसले पाठीच्या कडेला. ही चूक लवकर सापडली. तुकडा आतल्या अंगानं बघितला तर डाव्या साईडची पुढची कड डाव्या हाताला येते आणि उजव्या साईडची उजव्या हाताला. सॉफ्टवेअर दोन्ही तुकडे डाव्या कोपऱ्यापासून मोजतं. म्हणून उजव्या साईडला ३७ न लिहिता "खोली वजा ३७" लिहायचं. पाच मिनिटांत जमलं आणि उगाच आत्मविश्वास वाढला.

यानंतर जे झालं त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलो.

स्क्रीनवर मी एक वरचं कपाट घेतलं, ओट्यावर भिंतीला लागतं ते. बॉक्स ७०० मिमी उंच. दार वरून २ मिमी कमी आणि खाली बॉक्सच्या २० मिमी खालपर्यंत, कारण हँडल नाही, खालच्या कडेला बोटं घालून ओढायचं. म्हणजे दार ७१८. आधी बिजागरी डावीकडं ठेवून बघितलं. कप आणि प्लेट समोरासमोर. मग यादीतनं उजवी निवडली. दार बदललं आणि पुन्हा कप आणि प्लेट अगदी समोरासमोर. डावी, उजवी, डावी, उजवी. दहा वेळा करून बघितलं. एक केसभर फरक नाही. चहा मागवला.

चार डोळ्यांच्या दारानं एवढं तरी शिकवलं होतं की गिऱ्हाइकाच्या घरी प्रयोग करायचा नाही. एक नमुना बॉक्स बनवून वर्कशॉपच्या भिंतीला टांगला आणि त्याच्या वर, जिथं माळ्याचं शटर येतं तिथं, प्लायची एक पट्टी मारली. दार डावीकडं लावलं, मस्त उघडलं. मग दार काढलं, प्लेटा उजवीकडं लावल्या, दार फिरवलं, म्हणजे वरची बाजू खाली आणि खालची वर, आणि बिजागऱ्या प्लेटवर दाबल्या. दार बसलं, पण बंद होईना. वरची कड पट्टीवर आपटत होती. खाली वाकून बघितलं तर बोटं घालायला सोडलेली जागा गायब. ती वर जाऊन बसली होती.

मिस्त्रींनी टेप लावला. "सात सूत वर गेलंय."

मी मोजलं. २२ मिलिमीटर. सात सूत म्हणजे बावीसला थोडं जास्त. मिस्त्रींचा टेप काही खोटा नाही.

पहिला संशय जॉबवर्कवाल्यावर. त्याला फोन लावला, बावीस मिलिमीटरचा फरक कसा पडला म्हणून जरा आवाजही चढवला. तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या फाईलमध्ये जे आहे तेच मारलंय, साहेब. तुकडा मोजून बघा." तुकडा मोजला. फाईलप्रमाणे होता. मग प्लेटा बदलल्या, बिजागऱ्या बदलल्या, भिंत ओळंब्यात आहे का तेही बघून झालं. स्क्रीनवर परत डावी-उजवी केलं. स्क्रीनवर सगळं बरोबर. भिंतीवर सात सूत.

रविवारी घरी वडिलांसमोर हे सगळं कागदावर काढून बसलो होतो. वडील आयुष्यभर साखर पेठेत जेकार्डच्या मागावर होते, चादरी विणायचे. जेकार्ड म्हणजे भोकांचाच खेळ. पुठ्ठ्याच्या कार्डावर जिथं भोक, तिथं सुई आत जाते, आकडा, म्हणजे हूक, उचलला जातो आणि ताण्याचा तेवढा धागा वर येतो. १८०४ च्या सुमाराला फ्रान्समध्ये जेकार्ड नावाच्या माणसानं हे यंत्र बसवलं आणि दीडशे-दोनशे वर्षांनी त्यावर आमच्या घराची चूल पेटत होती. भोक चुकीच्या जागी पडलं तर काय होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

त्यांनी कागद बघितला नाही. दिवाणावरची चादर ओढली. कोपऱ्यात कारखान्याचं नाव विणलेलं होतं. चादर पलटून मागची बाजू वर केली. "वाच."

नाव उलटं दिसत होतं, आरशात दिसतं तसं.

मग चादर पुन्हा सुलटी केली आणि तशीच पसरलेली ठेवून पायथ्याची बाजू उशाला फिरवली. "आता वाच."

आता अक्षरं डोक्यावर उभी होती. पण उलटी नव्हती, तीच होती.

"तुझा कॉम्प्युटर पहिलं करतोय," ते म्हणाले, "आणि तू हातानं दुसरं करतोयस. कार्डाची माळ उलट्या अंगानं लागली तर नाव त्या पहिल्या वेळेसारखं, आरशातलं येतं. ती चादर कितीही फिरव, नाव सरळ होत नाही."

मी तिथंच बसून राहिलो. यादीत "उजवी" निवडली की सॉफ्टवेअर दार फिरवत नव्हतं. ते आरशातलं एक नवीन दारच बनवत होतं. त्या दाराचा वरचा कप वरच राहतो, खालचा खालीच, फक्त डावीकडचे उजवीकडं जातात. पण माझ्या हातात एकच दार होतं. ते फिरवलं की वरचा कप खाली येतो.

आता आकडे बघा. माझ्या गटात प्लेटा बॉक्सच्या वरनं १०० आणि तळातनं १०० वर होत्या. दार बॉक्सच्या वरनं २ मिमी खाली सुरू होतं, म्हणून वरचा कप दाराच्या वरच्या कडेपासून ९८ वर. दार बॉक्सच्या खाली २० मिमी उतरतं, म्हणून खालचा कप दाराच्या खालच्या कडेपासून १२० वर. ९८ आणि १२०. दार फिरवलं की १२० वर आले आणि दार बावीसनं उचललं गेलं.

यात आणखी एक गंमत अशी, की ओट्याखालच्या कपाटात हीच चूक दिसलीच नसती. तिथं दार वरनं ४ मिमी कमी, खालनं २ मिमी कमी. फरक फक्त दोनाचा. प्लेटवर दार वर-खाली करायचा जो स्क्रू असतो त्यात साधारण दोन मिलिमीटर इकडं-तिकडं मिळतात. मिस्त्रींनी तो फिरवून दार जुळवलं असतं आणि मला कधीच कळलं नसतं. त्या दिवशी नमुन्याला वरचं कपाट घेतलं हे नशीब.

उपाय एका वाक्याचा आहे. कपाचं माप बॉक्सपासून धरायचं नाही, दारापासून धरायचं. वरनं १०० तर खालनंही १००. मग दार कसंही फिरवा, कप तिथंच. प्लेटांची उंची दारावरनं काढायची : दार बॉक्सच्या तळापासून जिथं सुरू होतं तो आकडा अधिक १०० म्हणजे खालची प्लेट. तोच आकडा अधिक दाराची उंची वजा १०० म्हणजे वरची. माझ्या नमुन्यात दार तळाच्या २० खाली सुरू होतं, म्हणजे उणे २०. खालची प्लेट ८० वर, वरची ५९८ वर. मधलं अंतर ५१८, आणि दारातल्या कपांचंही ५१८. जुळलं.

कागदावर जुळलं. सॉफ्टवेअरमध्ये हे सूत्र साईडच्या तुकड्यावर लिहिलं, तर होल तुकड्याच्या बाहेर, हवेत. दोन संध्याकाळी गेल्या. कारण असं निघालं की सॉफ्टवेअर आधी साईड बनवतं आणि दार सगळ्यात शेवटी. साईड बनत असताना दाराची उंची विचारली तर ते शून्य सांगतं. जन्मच झाला नाही तर उंची कुठली. मग दाराला विचारणं सोडलं. वरची फट आणि खालची फट हे दोन आकडे पूर्ण बॉक्सच्या पातळीवर नेऊन ठेवले आणि दाराची उंचीही त्यांच्यावरनंच काढायला लावली. आता साईड आणि दार दोघंही एकाच ठिकाणी विचारतात. ज्यांना असं काही करायचं असेल त्यांनी हे आधी करावं, माझ्यासारखं शेवटी नाही.

तीन बिजागऱ्यांच्या दाराला एक जादा काळजी. आम्ही साधारण ९०० मिमी उंचीपर्यंत दोन लावतो, १६०० पर्यंत तीन, २००० पर्यंत चार, आणि दार जड असलं की एक वाढवतो. तीन असतील तर मधली बरोबर दाराच्या अर्ध्यावर पाहिजे, नाहीतर फिरवल्यावर फक्त तीच चुकते आणि दार दोन टोकांवर लटकून राहतं. सॉफ्टवेअरला एक सवय होती. मध्ये फळी आली की ते मधली बिजागरी गुपचूप थोडी वर सरकवायचं. सवय चांगली, पण माझ्या कामाची नाही. ती बंद केली. आता बिजागरी हलत नाही, फळी हलते.

नमुना परत भिंतीला लावला. दार डावीकडं, मग फिरवून उजवीकडं. पट्टीला लागलं नाही. मिस्त्रींनी टेप काढला, मोजला, काही न बोलता खिशात ठेवला. त्यांच्याकडनं याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

किचनचे बॉक्स सुटे असतात, प्रत्येकाला स्वतःच्या दोन साईड. त्यामुळं तिथं हे बिनबोभाट चालू झालं. अडलं ते होटगी रोडच्या एका वॉर्डरोबला. तिथं मधल्या एकाच उभ्या फळीवर दोन्ही बाजूंची दारं येत होती. फळी १८ मिमीची. डावीकडनं १३ खोल, उजवीकडनं १३ खोल, दोन्ही होल बरोबर एकमेकांसमोर. पोरग्यानं फळी तोंडासमोर धरली आणि होलातनं माझ्याकडं बघून डोळा मारला. एका दाराचा स्क्रू घट्ट केला की दुसऱ्या दाराच्या स्क्रूला जाऊन टेकणार.

एका बाजूचे होल सरकवायचे, एवढं तर उघड होतं. मी ३२ नं सरकवले आणि परत एक भोक आरपार. प्लेटचे दोन होलच ३२ अंतरावर असतात, म्हणून ३२ नं सरकवलं की एकीचा वरचा होल दुसरीच्या खालच्यावर येऊन बसतो. हे आधीच सुचायला पाहिजे होतं. ६४ नं सरकवले. आता डाव्या दाराच्या बिजागऱ्या १०० वर, उजव्या दाराच्या १६४ वर, दोन्ही आपापल्या वरनं-खालनं सारख्या. दोन्ही दारं फिरतात. फक्त तिथं एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवतो. क्रँक म्हणजे बिजागरीच्या हाताचा बाक. बाहेरच्या साईडला झिरो क्रँकची बिजागरी लागते आणि मधल्या फळीवर ८ क्रँकची, कारण तिथं एका फळीची जाडी दोन दारांत वाटली जाते. म्हणजे बाहेरनं मधल्या फळीवर दार फिरवलं तर भोकं तीच, पण बिजागरी बदलावी लागते. दार काढून नुसतं फिरवलं की झालं, असं तिथं होत नाही.

काही दारं फिरतच नाहीत आणि त्यांच्या नादी लागू नये. कोपऱ्यातलं आंधळं कपाट, जिथं अर्धा भाग शेजारच्या बॉक्समागं जातो, तिथं दुसऱ्या बाजूला दार बसायला जागाच नाही. तिथं एक खूण करून ठेवली आहे, ती लावली की जादा होल पडत नाहीत. वरच्या कडेला पकडीची खाच कापलेलं दार फिरवलं की खाच खाली जाते. लाकडाच्या रेघांचा सनमायका असेल आणि रेघा शेजारच्या दाराशी जुळवून कापलेल्या असतील, तर फिरवल्यावर रेघा उभ्याच राहतात पण जुळत नाहीत. प्लेन रंगाला काही अडचण नाही.

हँडलचा घोळ मात्र मी सोडवला नाही, टाळला. काकूंच्या घरी हँडल खाली गेलं होतं ते विसरलो नव्हतो. आता हँडलचे होल फाईलमधनं काढूनच टाकले. ते साईटवर, सगळं बसल्यावर, जिग, म्हणजे मापाचा साचा, लावून मिस्त्री मारतात, आणि त्याआधी मी घरातल्या बाईंना एकदा उभं करून विचारतो, "दार कुठनं उघडायचं? पिंप कुठं येणार?" हँडल लागलं की त्यानंतर फिरवायचं झालं तर ते दाराच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असेल तरच सोय होते. हे मी बिलाच्या मागं लिहून देतो. वाचतं कोण, ते सोडा.

राहिली रिकामी भोकं. दोन बिजागऱ्यांच्या कपाटात न वापरलेल्या बाजूला चार. आमच्या डोळ्यांना ती दिसतही नाहीत, पण घरातल्या बाईंना पहिल्या मिनिटाला दिसतात. अशोक चौकातल्या एका घरी विचारलंच, "ही भोकं कशाला ओ ठेवली? झुरळं बसतील की आत." पाच मिलिमीटरच्या भोकात झुरळ बसत नसेल, पण पिल्लू बसू शकतं, आणि ओट्याखाली पाणी सांडलं की उघड्या प्लायला ते बरं नाही. म्हणून प्लॅस्टिकच्या टोप्या आणल्या. पहिल्यांदा पांढऱ्या आणल्या, आतला सनमायका करडा. दुरून दात किडल्यासारखं दिसायचं. आता करड्या मागवतो आणि प्रत्येक घरी आठ-दहा जादा देऊन येतो.

गड्ड्याच्या जत्रेच्या आदल्या दिवशी फोन आला. त्याच जुळे सोलापुरातल्या काकूंच्या धाकट्या बहिणीचं किचन आम्ही दिवाळीआधी केलं होतं, नवीन पद्धतीचं. "दादा, पिंप आता सिंकच्या डाव्या बाजूला घेतलंय. तुम्ही म्हणाला होता दार फिरतं म्हणून."

म्हटलं, उद्यापासून मिस्त्री सुट्टीवर आहेत, चार दिवसांनी येतो. त्या म्हणाल्या, पोरगं घरात आहे, त्याला सांगा. पोरगं बारावीतलं. त्याला फोनवर सांगितलं : बिजागरीच्या मागच्या टोकाला खटका आहे तो दाब, आधी खालची, मग वरची, दार हातात धर. प्लेटांचे स्क्रू काढ. समोरच्या साईडच्या टोप्या नखानं निघतील. त्या भोकांत प्लेटा लाव. दार खालचं वर कर. वरची बिजागरी आधी दाब.

फोन स्पीकरवर होता. खटका दाबल्याचा आवाज आला, मग काहीतरी पडल्याचा, मग पोरग्याचा, "पडलं नाही ओ, ठेवलं." थोड्या वेळानं, "काका, बसलं. बंद पण होतंय. ह्या टोप्या टाकून देऊ का?"

"टाकू नको. जुन्या भोकांत लाव."

मागनं त्याच्या आईचा आवाज आला, "विचार त्यांना, पिंप परत हिकडं आणलं तर?"